लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची परडी: सकाळी नऊला मागवलेली, पावणेतीनला पोहोचलेली

न्यू जर्सीतल्या मुलाने पुण्यात कर्वेनगरला राहणाऱ्या आई-वडिलांसाठी फुलांची परडी मागवली. निमित्त लग्नाचा चाळिसावा वाढदिवस, तारीख १४ मे. देशभर फुले पोहोचवणाऱ्या एका संकेतस्थळावर त्याने चित्र पाहून निवड केली: १२ लाल डच गुलाब, लिलियमच्या (लिलीच्या) ६ गुलाबी काड्या, जांभळ्या ऑर्किडच्या ४ काड्या, कडेने कार्नेशन आणि जिप्सी (बारीक पांढऱ्या फुलांचा भराव), सगळे वेताच्या परडीत. परडीचे १,९९९ रुपये, ठरावीक वेळेत पोहोचवण्याचे १५० वेगळे. वेळ निवडली सकाळी ११ ते दुपारी ३.

परडी वेळेत पोहोचली, म्हणजे पावणेतीनला. १२ पैकी ४ गुलाबांच्या माना पडलेल्या. लिलियमच्या सहाऐवजी दोनच काड्या, त्याही पूर्ण उमललेल्या. उरलेली जागा जरबेऱ्याने भरलेली. परडी हातात घेताना आईच्या रेशमी पदराला लिलियमच्या परागाचा केशरी डाग पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्नेशनची फुले मिटून बसली होती.

हे प्रकरण एका विशिष्ट घराचे नाही. अशा ऑर्डरींत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका एका ऑर्डरीत गुंफल्या आहेत. वेळा आणि रकमा नमुन्यादाखल आहेत. फुले मात्र खरोखर अशीच वागतात.

‘दुकानदाराने फसवले’ हा निष्कर्ष लगेच निघतो. दुकानात दोन चुका झाल्या हेही खरे. पण ऑर्डर नीट उलगडून पाहिली तर तिच्यात बऱ्याच जागा कोऱ्या होत्या: कळ्या किती उमललेल्या हव्यात, फूल नसेल तर बदली काय, परडी की हातात धरायचा बुके, घरी फोन कोणाला करायचा. मागवणाऱ्याने न लिहिलेली प्रत्येक गोष्ट वाटेतल्या कोणीतरी आपल्या सोयीने भरली.

घड्याळाचा घोळ

मुलाने ऑर्डर दिली १३ मेच्या रात्री साडेअकराला. मनात हिशेब असा की उद्याची ऑर्डर आहे, अख्खी रात्र हाताशी आहे. मे महिन्यात न्यू जर्सी आणि पुणे यांत साडेनऊ तासांचे अंतर असते. त्यामुळे पुण्यात तेव्हा १४ मेचे सकाळचे नऊ वाजले होते. संकेतस्थळाच्या लेखी ही ‘आजच्या आज’ची ऑर्डर झाली.

यात काय बिघडले हे फुलबाजाराची वेळ माहीत असल्याशिवाय कळत नाही. पुण्यातला बुकेवाला पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. तिथे डच गुलाब आणि कार्नेशन २० नगांच्या गड्डीने, लिलियम १० काड्यांच्या गड्डीने मिळते. हाताशी असलेल्या ऑर्डरी आणि दिवसभराचा अंदाज यांवर तो माल उचलतो आणि सकाळी दुकान लावतो. नऊ वाजता आलेल्या ऑर्डरीसाठी तो पुन्हा बाजारात जात नाही. बादल्यांत जे उभे आहे त्यातून बुके बांधतो. त्या दिवशी त्याच्याकडे लिलियमच्या दोनच काड्या होत्या, आदल्या दिवशीच्या, उमललेल्या. मे म्हणजे लग्नसराई. दाट मुहूर्ताच्या दिवशी मंडपवाले पांढरी आणि गुलाबी फुले आधीच उचलून नेतात, तेव्हा शेजारच्या दुकानातून उसनी मिळण्याचीही आशा नसते.

मग संकेतस्थळाच्या अटींमधले ते नेहमीचे वाक्य कामाला आले: उपलब्धतेनुसार फुले बदलू शकतात. दुकानदाराने लिलियमच्या जागी जरबेरा लावला. जरबेरा आकाराने मोठा, जागा झटकन भरतो आणि लिलियमपेक्षा बराच स्वस्त पडतो. अटीप्रमाणे त्याचे काही चुकले नाही. ‘लिलियम नसेल तर अँथुरियम घाला, जरबेरा नको’ हे एक वाक्य ऑर्डरीत असते तर त्याला अट दाखवता आली नसती.

दुसऱ्या दिवशीची ऑर्डर पुण्याच्या घड्याळाने आदल्या संध्याकाळी आठपर्यंत दुकानात पोहोचायला हवी. न्यू जर्सीहून म्हणजे आदल्या दिवशी सकाळी साडेदहाच्या आत. तिथली रात्र होईपर्यंत थांबले की एक पहाट हातची गेली. (वाढदिवस तिथीने की तारखेने, हा घोळ घरातच आधी मिटवावा. तो कोणत्याही संकेतस्थळाला मिटवता येणार नाही.)

गुलाबाची मान का पडते

मान पडलेला गुलाब शिळाच असतो असे नाही. कळीच्या खालचा दोन-तीन बोटांचा दांडा कोवळा असतो. फुलातून आणि पानांतून जेवढे पाणी उडते तेवढे दांड्यातून वर चढले नाही की तो भाग वाकतो. पाणी न चढण्याची तीन कारणे. दांडा कापल्यावर नळ्यांत हवा शिरते आणि बूच बसावे तशी अडकते. बादलीतले पाणी बदललेले नसेल तर जिवाणूंचा चिकट थर तोंडे बंद करतो. आणि शेतावर कळी फार लवकर, घट्ट असतानाच कापलेली असेल तर मान पुरती बळकट झालेलीच नसते.

पुणेकराला गुलाब जवळून मिळतो. तळेगाव दाभाडे आणि मावळ भागातल्या पॉलिहाउसांतून तो येतो. फेब्रुवारीत त्यातलाच उत्तम माल परदेशी जातो. लाल रंगात ‘टॉप सिक्रेट’ हा वाण सर्रास दिसतो. पण फेब्रुवारीचा गुलाब आणि मेचा गुलाब यांत फरक असतो. उन्हाळ्यात कळी लहान भरते, दांडा आखूड राहतो आणि फूल भराभर उमलते. चित्रातला टपोरा गुलाब बहुधा थंडीत काढलेल्या फोटोतला असतो. मेमध्ये त्या चित्राकडे पाहून १२ गुलाब मागवण्यापेक्षा ६ मागवावेत आणि ५० सेंटिमीटरच्या वरच्या दांड्याचे मागावेत.

दुकानात उभे राहून गुलाब पारखायचा तर पाकळ्यांचा रंग पाहून फारसे कळत नाही. कळीच्या बुडाशी, हिरव्या दलांच्या जरा वर, दोन बोटांनी हलके दाबावे. टणक लागली तर ताजी, स्पंजासारखी दबली तर दोन-तीन दिवसांची. मग बुडाशी पाकळ्या तोडल्याच्या खुणा आहेत का ते पाहावे. बाहेरच्या एक-दोन पाकळ्यांवर डाग असणे साहजिक आहे आणि बुकेवाला त्या काढतोच. पण चार-पाच पाकळ्या काढल्याच्या खुणा दिसल्या तर जुन्या फुलाची साल सोलून ते तरुण केले आहे असे समजावे.

बाकीची फुले चटकन सांगण्यासारखी आहेत. जरबेऱ्याच्या मधल्या चकतीत पराग फक्त बाहेरच्या दोन-तीन रांगांवर दिसला तर फूल ताजे. तो आतपर्यंत पसरला असेल तर घेऊ नये. कार्नेशनच्या मधून पांढरे धागे डोकावू लागले की त्याचे दिवस भरत आले. ऑर्किडच्या काडीवर टोकाच्या कळ्या बंद असाव्यात आणि खालची फुले पारदर्शक झालेली नसावीत. गडद निळे ऑर्किड दिसले तर ते रंग पाजलेले असते. आवडत असेल तर जरूर घ्यावे, पण पाण्याला निळा रंग उतरला की घाबरू नये.

लिलियम नेहमी कळीत घ्यावे: काडीवर एक फूल जेमतेम उघडलेले आणि दोन कळ्या रंगावर आलेल्या. हिरव्या, घट्ट कळ्या घरी उमलतीलच याची खात्री नसते. फूल उघडताच आतले सहाही परागकोश चिमटीने काढून टाकणे हे बुकेवाल्याचे काम. त्या दिवशी ते राहिले, ही दुकानातली पहिली चूक. डाग पडला तेव्हा घरात सगळ्यांनी केले तेच साडीच्या मुळावर आले: ओल्या फडक्याने पुसले. पराग कोरडा असतो तोवर तो चिकटपट्टीने टिपून किंवा मऊ ब्रशने झटकून निघतो. ओला करून चोळला की धाग्यात बसतो. घरात मांजर असेल तर लिलियम मागवूच नये. त्याची पाने, पराग, अगदी फुलदाणीतले पाणीही मांजराच्या मूत्रपिंडावर घातक परिणाम करते.

परडीतला कोरडा कोपरा

दुसरी चूक कोणाला दिसली नाही, आणि माना पाडायला सर्वांत जास्त तीच कारण झाली. परडीतली फुले ओअ‍ॅसिसमध्ये, म्हणजे पाणी धरणाऱ्या फेसाच्या हिरव्या विटेत खोचलेली असतात. ओअ‍ॅसिस हे खरे तर अमेरिकेतल्या एका कंपनीचे, १९५४ सालापासूनचे ब्रँडनाव. आता सगळ्याच हिरव्या विटांना तेच नाव चिकटले आहे. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून केलेला हा फेस भरपूर पाणी धरतो. एक पूर्ण वीट साधारण दोन लिटर पिते. अट एकच. तिला पाण्यावर नुसती सोडायची आणि आपल्या वजनाने बुडू द्यायची. मिनिटभरात ती पाण्याच्या पातळीला येते. घाईत हाताने दाबून बुडवली की बाहेरचा थर आधी भिजतो आणि आतली हवा आतच कोंडते. वीट वरून ओलीचिंब दिसते, मध्ये मुठीएवढा कोरडा गाभा राहतो.

आपल्या परडीतल्या ज्या चार गुलाबांची दांडी त्या गाभ्यात टेकली होती, त्यांच्याच माना पडल्या. शेजारचे आठ ताठ होते. परडीत काही फुले टवटवीत आणि काही मरगळलेली असतील, आणि मरगळलेली साधारण एकाच जागी असतील, तर फुलांवर नव्हे, विटेवर संशय घ्यावा. आणखी एक चूक इथे होते. उंची जुळवताना खोचलेला दांडा अर्धा इंच वर ओढला की टोकाखाली पोकळी राहते आणि त्या दांड्याला पाणी लागतच नाही. दांडा खोलच खोचायचा. उंची कमी वाटली तर तो पुरता काढून नव्या जागी खोचायचा.

एकदा वाळलेली वीट पुन्हा नीट भिजत नाही, म्हणून परडीला रोज पेलाभर पाणी घालावे लागते, आणि ही गोष्ट परडीसोबत सहसा कोणी सांगत नाही. शिवाय हा फेस कुजत नाही, त्याचा चुरा प्लॅस्टिकच्या कणांसारखा राहतो. बागेच्या मातीत किंवा मोरीत टाकू नये. घरी पोहोचवायच्या फुलांसाठी परडीपेक्षा हातात धरायचा बुके आमच्या मते केव्हाही उत्तम. दांडे एकाच दिशेने तिरके ठेवत गोल फिरवत बांधायचे, बांधणीच्या खालची सगळी पाने काढायची, टोके पुन्हा कापायची, त्यांना ओला कापूस लावून वर पिशवी आणि रबर. सावलीतून नेला तर असा बुके दोन-तीन तास निभावतो, आणि घरी तो थेट फुलदाणीत जातो.

नळ स्टॉपवर थांबलेली फुले

परडी बारा वाजून पंधरा मिनिटांनी दुकानातून निघाली. आता पत्ता. मुलाने ‘कर्वेनगर’ लिहिले होते, पण नकाशावरची खूण पडली कर्वे रस्त्यावर, नळ स्टॉपच्या आसपास. पुण्याबाहेरच्या माणसाला ही दोन नावे एकच वाटतात आणि नकाशाच्या सूचनाही त्याला दुजोरा देतात. कर्वेनगर तिथून तीन-चार किलोमीटर पुढे. पिनकोड पाहिला असता तर चूक तिथेच पकडली गेली असती: कर्वेनगर ४११०५२, कर्वे रस्त्याचा डेक्कनकडचा भाग ४११००४.

पोहोचवणाऱ्या मुलाने फोन केला तो ऑर्डरीवर असलेल्या एकमेव क्रमांकावर, म्हणजे न्यू जर्सीला. तिथे पहाटेचे तीन वाजून वीस मिनिटे. आई-बाबांचा क्रमांक मुद्दाम दिलेला नव्हता, कारण त्यांना अचानक आनंद द्यायचा होता. दोन-तीन वेळा फोन करून त्याने बाकीच्या दोन ठिकाणचे सामान पोहोचवले, दुकानाला विचारले, दुकानाने संकेतस्थळाला विचारले, आणि पावणेतीनला तो कर्वेनगरात पोहोचला. अडीच तास. मे महिन्यातले पुणे, दुपार, दुचाकीचा हूक.

उष्णता फुलाला कशी संपवते? कापलेले फूलही श्वास घेत असते, साठवलेली साखर जाळत असते. तापमान दर १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. शीतपेटीत ४ अंशांवर गुलाबाचे एका दिवसात जेवढे आयुष्य खर्च होते, तेवढे ३८-३९ अंशांच्या उन्हात दोन तासांत जाऊ शकते. वर पारदर्शक कागद गुंडाळलेला होता, म्हणजे आत पॉलिहाउसच झाले, फक्त पंखे नसलेले. मेमध्ये कागद वरून उघडा ठेवायला सांगावा. फुले हँडलला लटकवण्यापेक्षा पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी, दोन्ही पायांच्या मध्ये ठेवावीत. रिक्षा परवडत असेल तर रिक्षानेच पाठवावीत. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ, किंवा संध्याकाळी सहानंतर. ११ ते ३ ही वेळ उन्हाळ्यात फुलांसाठी निवडूच नये, मग ती कितीही सोयीची वाटो.

अचानक आनंद द्यायचा असेल तर शेजारच्या काकूंचा किंवा गावातल्या मावसभावाचा क्रमांक द्यावा. पण पुण्यातला, त्या वेळी जागा असणारा एक माणूस फोनवर हवाच.

आंब्याच्या पेटीशेजारची रात्र

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर परडी आतल्या खोलीत, जमिनीवर, पंख्याखाली ठेवली. खोली थंड म्हणून. त्याच खोलीत गवतात हापूसची आढी घातलेली होती.

पिकणारा आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो. त्याच वायूने शेजारचे आंबेही पिकतात. कार्नेशनला हा वायू मुळीच सोसत नाही. अगदी थोड्या प्रमाणातही त्याच्या पाकळ्या आत वळतात आणि फूल मिटल्यासारखे होते. एकदा मिटलेले कार्नेशन पाणी घालून किंवा दांडा कापून परत उघडत नाही. ऑर्किडवरही परिणाम होतो, कळ्या गळतात. केळी, चिकू, सफरचंद यांचेही तेच. पंख्याने भर घातली ती वेगळी, कारण वाऱ्याने पाकळ्यांतले पाणी झपाट्याने उडते.

‘फ्रिजमध्ये ठेवा’ हा सल्लाही इथे कामाचा नाही. घरच्या फ्रिजमध्ये फळे असतात, हवा कोरडी असते, आणि ऑर्किड-अँथुरियमसारख्या उष्ण प्रदेशातल्या फुलांना ४ अंशांची थंडी बाधते. त्यांना १२-१३ अंश ठीक. या फुलांवर काळपट डाग पडतात ते बहुधा थंडीने, आणि माणसे समजतात उन्हाने.

पैसे कुठे गेले

ग्राहकाने दिले २,१४९. संकेतस्थळ स्वतः फुले बांधत नाही. ते जाहिरात आणि मध्यस्थीचा आपला वाटा कापून ऑर्डर स्थानिक दुकानाला देते. या नमुन्यात दुकानाच्या हाती १,३०० आले असे धरू. त्यातून परडी, वीट, रिबन, कार्ड, बांधणाऱ्याची मजुरी, पोहोचवणाऱ्याचे पैसे. फुलांना उरले सहा-सातशे. लग्नसराईच्या भावात चित्रातली सगळी फुले सहा-सातशेत बसत नाहीत, म्हणून कुठेतरी कात्री लागणारच होती; ती लागली लिलियमला. तेच २,००० रुपये कर्वेनगर-कोथरूडच्या दुकानात थेट दिले असते तर फुलांना निम्म्याहून जास्त मिळाले असते. परदेशातून पैसे पाठवण्याची अडचण आता तितकी राहिलेली नाही. एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्याला अमेरिकेतला मोबाइल क्रमांक जोडून यूपीआय वापरता येते, बँकेने ती सोय दिलेली असली म्हणजे झाले. नाहीतर मावसभाऊ आहेच.

तीच ऑर्डर, नीट लिहिलेली

घराजवळची दोन दुकाने नकाशावर शोधावीत, ग्राहकांनी टाकलेले फोटो पाहावेत (दुकानाने टाकलेले नव्हे), आणि पुण्याच्या वेळेने संध्याकाळी पाच-सहाला फोन करावा. सकाळी बुकेवाला मान वर करत नाही. बोलणे झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी पाठवावे. मजकूर साधारण असा:

‘नमस्कार दादा. उद्या १४ मे, सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान कर्वेनगर ४११०५२ येथे बुके द्यायचा आहे. हातात धरायचा, ओअ‍ॅसिस नको. फुले: लाल डच गुलाब ६, ५० सेंमीच्या वरचे, कळी अर्धी उघडलेली. गुलाबी लिलियम ३ काड्या, प्रत्येकीवर एकच फूल उघडलेले, पराग काढून. जांभळे ऑर्किड ४ काड्या. पांढरी शेवंती काडी ५. हिरवळीला कामिनी चालेल. लिलियम नाही मिळाले तर अँथुरियम ३ घाला, जरबेरा नको. टोकांना ओला कापूस आणि पिशवी. वरचा कागद उघडा. सोबत मोगऱ्याचा गजरा एक, केळीच्या पानात. निघण्याआधी दिवसाच्या उजेडातला एक फोटो पाठवा. दारात फोन या क्रमांकावर करा, तो पुण्यातला आहे. किती होतील ते सांगा, निम्मे आत्ता पाठवतो, उरलेले फोटो पाहून.’

यात पाच-सहा शब्द पैशांच्या मोलाचे आहेत. ‘जरबेरा नको’ हा एक. ‘दिवसाच्या उजेडातला’ हा दुसरा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली शिळा गुलाबही लालभडक दिसतो. ‘उरलेले फोटो पाहून’ हा तिसरा. त्यात अविश्वास दाखवल्यासारखे वाटत असेल तर वाटू द्यावे. रोज ऑर्डरी घेणाऱ्याला त्यात वावगे वाटत नाही.

गजऱ्याबद्दल थोडे. मे हा मोगऱ्याचा महिना. सगळ्या बुकेच्या मानाने गजऱ्याला किरकोळ पैसे पडतात, आणि ज्या घरात चाळीस वर्षांचा संसार झाला आहे तिथे लिलियमपेक्षा आधी हात गजऱ्याकडेच जातो. गुलछडीच्या चार काड्या घातल्या तरी संध्याकाळी घर दरवळते. ती खालून वर उमलत जाते, म्हणून खालची वाळलेली फुले रोज काढावी लागतात.

दारात आल्यावर, आणि तक्रार

परडी आली त्या क्षणी दोन फोटो काढायचे होते: एक पूर्ण, एक खराब फुलांचा जवळून. ते संध्याकाळी काढले, तोवर पाच तास गेले होते आणि फुले घरी खराब झाली की वाटेत, हा वाद उभा राहिला.

संकेतस्थळाने आधी पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन देऊ केले. ते घेणे बंधनकारक नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचे नाव आणि संपर्क दाखवावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. विकणाऱ्या दुकानाचे नाव-पत्ता मागण्याचाही हक्क आहे. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगाकडे ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, पण दोन हजारांच्या परडीसाठी तिथवर जाण्याची वेळ सहसा येत नाही.

तक्रार कशी लिहायची यावर बरेच ठरते. ‘फुले घाणेरडी होती, सगळा मूड गेला’ याला उत्तर माफीचे येते. ‘लिलियम ६ मागवले, २ आले, न विचारता जरबेरा ७ घातले, १२ पैकी ४ गुलाब मान पडलेले, पोहोचल्याची वेळ २.४५, दुकानातून निघाल्याची वेळ १२.१५, फोटो सोबत’ याला उत्तर रकमेचे येते. पत्त्याची खूण चुकीची पडली होती, हे मुलाने लपवले नाही. म्हणून उशिराबद्दल काही मिळाले नाही. न आलेल्या फुलांचे पैसे मात्र परत आले.

मान पडलेल्या चार गुलाबांपैकी तीन त्याच संध्याकाळी वाचवता आले असते. दांडा तीन सेंटिमीटर तिरका कापायचा, फूल आणि दांडा वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून मान सरळ धरायची, आणि कोमट पाण्याच्या खोल भांड्यात सावलीत दीड-दोन तास उभे करायचे. दांड्यात हवा अडकली असेल तर गुलाब ताठ होतो. बुडाशी मऊ पडलेला मात्र होत नाही. त्याच्या पाकळ्या देव्हाऱ्यातल्या तबकात ठेवाव्यात.

पुढच्या वर्षीचे १४ मे

वर्षभराने वरच्या नमुन्याप्रमाणे लिहिलेली ऑर्डर सकाळी सव्वाआठला पोहोचली, लिलियम एक उघडलेले आणि बाकी कळ्या. तिथून पुढचे काम घरच्यांचे होते. धुतलेली फुलदाणी, एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि जंतू मारायला घरगुती ब्लीचचे चार-पाच थेंब. साखर फुलाला अन्न देते, पण एकटी घातली तर जिवाणूंनाही देते, म्हणून लिंबू आणि ब्लीचशिवाय ती घालू नये. पाण्यात एकही पान बुडलेले ठेवू नये. मेमध्ये पाणी रोज बदलावे, दर दोन दिवसांनी टोके कापावीत. जरबेरा असलाच तर वेगळ्या भांड्यात, जेमतेम दोन-तीन इंच पाण्यात, कारण त्याचा लवदार दांडा खोल पाण्यात सडतो.

गुलाब चौथ्या-पाचव्या दिवशी मोकळे होतात. ते काढून टाकावेत. लिलियमची शेवटची कळी साधारण तेव्हाच उघडते, तिचे परागकोश घरीच काढावेत. शेवंती आणि ऑर्किड त्यानंतर छोट्या भांड्यात, आंब्यांपासून दूरच्या खोलीत लावावे. ते आणखी आठवडाभर राहतात.